पाकिटात काय आहे, विचारायचं नाही!

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरं चांदूर रेल्वे. आता गंमत बघा, चांदूर रेल्वेला बाजार भरतोच, आणि चांदूर बाजारलाही आता रेल्वे स्टेशन झालंय. अमरावतीहून नरखेडकडे जाणारी लाइन तिथूनच जाते. मग नावावरून काय ओळखणार, कपाळ?

माझी भाची पुण्याला राहते. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे चांदूर बाजारला येणार होती. बॅग जड नको, म्हणून तिने रंग, ब्रश आणि गोष्टींची पुस्तकं एका खोक्यात भरून आधीच पाठवून दिली. ती आली, पण खोकं आलं नाही. चौथ्या दिवशी कळलं, की खोकं चांदूर रेल्वेला जाऊन बसलंय. चूक पोस्टाची नव्हती. बाईसाहेबांनी पत्त्यात नुसतं ‘चांदूर’ लिहिलं होतं, आणि पिनकोड लिहिताना सातचा नऊ केला होता.

चांदूर बाजारचा पिन ४४४७०४. चांदूर रेल्वेचा ४४४९०४. नीट बघा, फरक एकाच आकड्याचा आहे.

“एका आकड्याने एवढं होतं, मामा?”

होतं. कारण पिनकोड हा नुसता नंबर नाही, तो रस्ता सांगणारा नंबर आहे. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा सगळा पट्टा. ४४ म्हटलं की विदर्भाची बाजू आली. ४४४ म्हणजे अकोला-अमरावतीकडचा भाग. शेवटचे तीन आकडे नेमकं पोस्ट ऑफिस सांगतात. पुण्यात टपालाची छाननी करणाऱ्या माणसाला चांदूर बाजार कुठे आहे, तिथे संत्री पिकतात की केळी, हे माहीत असायची गरजच नाही. तो ४४४ बघतो आणि पाकीट विदर्भाच्या थैलीत टाकतो. पुढचं पुढचे लोक बघून घेतील.

ही युक्ती काढली एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर त्यांचं नाव. टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतचे पंडित व कवी. आपल्या देशात एकाच नावाची गावं ढिगाने, लिपी अनेक, त्यात पत्ता लिहिणाऱ्यांचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. यावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय शोधला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. आणि योगायोग असा, की आपल्या देशात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं, ती तारीखही १५ ऑगस्टच. साल १९९५.

योगायोग तारखेचा आहे. पत्त्यांचं साम्य मात्र योगायोग नाही. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो, आणि वाटेतली यंत्रं तो पत्ता पिनकोडासारखाच वाचतात. आधी पुढचे आकडे बघून मोठी दिशा ठरवायची, गाव जवळ आलं की मागचे आकडे बघायचे. या वाटेतल्या यंत्रांना राउटर म्हणतात.

हे सगळं मी भाचीला समजावून सांगत होतो, आणि ती जांभई देत होती. म्हणून म्हटलं, चल बगीच्यात. खेळूनच दाखवतो.

आंबिया बहराची संत्री तोडणीला आली होती. तिथे शेजारची पोरं आधीच जमलेली. भाचीने एका कागदावर संत्र्याच्या झाडाचं झकास चित्र काढलं. आमच्याकडचेच उरलेसुरले रंग वापरले. तिचे रंग चांदूर रेल्वेला आराम करत होते ना! मग मी एक संत्रं सोललं आणि विचारलं, “हे एका घासात खाता येईल?”

“नाई,” शेजारचा बारक्या म्हणाला, “फोडी करा लागते.”

बरोबर. संत्र्याला देवाने फोडी आधीच करून दिल्या आहेत. चित्राच्या आपण करायच्या. कात्रीने चित्राचे बारा तुकडे केले. प्रत्येक तुकड्याच्या मागे नंबर टाकला, एक ते बारा, आणि पत्ता लिहिला: ‘विहिरीकडून कोठ्याकडे’. कोठा म्हणजे पुण्याच्या भाषेत गोठा. भाची विहिरीजवळ उभी राहिली. माझा धाकटा मुलगा कोठ्याशी, चित्र जुळवायला. मधे झाडाझाडाखाली पाच पोरं, ती झाली राउटर. त्यांनी तुकडा घ्यायचा, पत्ता वाचायचा, कोठ्याच्या दिशेच्या पुढच्या पोराकडे पळत नेऊन द्यायचा आणि आपल्या जागी परत यायचं. बस. चित्रात काय आहे ते बघायचं नाही.

तुम्ही मोबाइलवरून फोटो पाठवता, तेव्हा हेच होतं. २० लाख बाइटचा, म्हणजे साधारण दोन एमबीचा फोटो असेल, तर त्याच्या जवळजवळ चौदाशे फोडी होतात. प्रत्येक फोडीवर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि क्रमांक असतो. या फोडींना ‘पॅकेट’ हे नाव डोनाल्ड डेव्हिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात दिलं. शब्द ठरवण्याआधी त्याने भाषातज्ज्ञांना विचारलं होतं म्हणे, की जगातल्या इतर भाषांत सहज जाईल असा शब्द हवा. आपल्याकडे तर तो आधीच येऊन बसला होता. पाकीट!

प्रत्येक पाकिटावर आणखी एक मजेशीर आकडा असतो. तो असतो जास्तीत जास्त २५५. प्रत्येक राउटर पाकीट पुढे पाठवताना त्यातून एक वजा करतो. शून्य झाला की पाकीट फेकून द्यायचं. कशासाठी? चुकून दोन राउटर एकमेकांकडेच बोट दाखवायला लागले, तर बिचारं पाकीट जन्मभर त्या दोघांत फिरत राहील. आणि अशी लाखो पाकिटं फिरायला लागली, तर वाट तुंबेल.

आमचा खेळ सुरू झाला. मधला एक राउटर तहान लागली म्हणून पाणी प्यायला निघून गेला. खरं तर खेळ तिथेच बंद पडायला हवा होता. पण बाकीच्यांनी तुकडे बांधावरून, लांबच्या वाटेने नेले. खऱ्या इंटरनेटमध्येही असं घडतं. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहराजवळ समुद्राखालच्या दोन मोठ्या केबल तुटल्या. युरोपकडून भारतात येणारा मुख्य रस्ताच तुटला म्हणा ना. आपल्याकडे इंटरनेट रडतरखडत चालू लागलं, पण थांबलं नाही. पाकिटं दुसऱ्या केबलींनी, पृथ्वीला उलटा वळसा घालून येत राहिली.

तुकडे कोठ्यावर पोचले, पण क्रमाने नाही. सात आधी, दोन नंतर, बारा मधेच. धाकट्याने नंबर बघून जुळवले. चित्र दिसायला लागलं. पण झाडाच्या शेंड्याशी एक चौकोनी भोक.

“पाच नंबर नाई आला!” तो ओरडला.

पाचही राउटरांनी गळ्याची शपथ घेतली, की आमच्या हातात आलेला प्रत्येक तुकडा आम्ही पुढे दिला. आता काय करायचं? इथे जरा थांबा, कारण इंटरनेटची सगळी गंमत या भोकात आहे.

वाटेतल्या प्रत्येकाने शंभर शपथा घेतल्या, तरी चित्र पूर्ण झालं की नाही हे फक्त शेवटच्या टोकाला कळतं. मग वाटेतल्यांना पावत्या, सह्या, शिक्के यांत कशाला अडकवायचं? त्यांना नुसतं पळू द्या. तपासायचं काम टोकाच्या माणसाने करावं, आणि काही हरवलं तर दुसऱ्या टोकाला सांगावं, ‘पाच नंबर परत पाठव.’ अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत काम केलेल्या सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या तिघांनी हा विचार नीट मांडून १९८४ मध्ये छापला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मधलं जाळं साधं, भोळं ठेवा. शहाणपण टोकांना असू द्या.

आमच्या खेळात मात्र वेगळीच अडचण निघाली. पाच नंबरची नक्कल भाचीने ठेवलीच नव्हती. खरा संगणक अशी चूक करत नाही. पलीकडून पावती येईपर्यंत प्रत्येक फोडीची प्रत तो सांभाळून ठेवतो. दुसऱ्या डावाला भाचीने आधी चित्राची दुसरी प्रत काढली, मगच कात्री हातात घेतली.

पण थांबा. पोरं सगळी एकाच बगीच्यातली होती म्हणून हे जमलं. जगातली जाळी तर नाना तऱ्हेची. कुणाचं तारेचं, कुणाचं रेडिओचं, कुणाचं उपग्रहाचं. ती एकमेकांना जोडायची कशी?

हा प्रश्न आमच्या वऱ्हाडाला फार जुना आहे. आमच्या शेजारच्या अचलपूरहून मूर्तिजापूरला एक छोटी रेल्वे जायची, शकुंतला. सुमारे ७६ किलोमीटरची वाट. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, आणि ते १९९४ पर्यंत ओढत होतं! आमचे आबाजी सांगायचे, की ती इतकी सावकाश चाले, की उतरून बोरं वेचावीत आणि परत चढावं. आता आबाजींच्या गोष्टींत थोडं तिखटमीठ असायचंच. ही गाडी मुळात वऱ्हाडाचा कापूस नेण्यासाठी होती. तिच्या रुळांमधलं अंतर होतं अडीच फूट. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूर मोठी लाइन, तिथे रुळांमधलं अंतर साडेपाच फूट. शकुंतलेचा डबा मोठ्या रुळांवर चढूच शकत नाही. म्हणजे मूर्तिजापूरला कापूस उतरवा, मोठ्या गाडीत भरा, मगच तो पुढे जाणार.

जाळी जोडताना अगदी हीच अडचण व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांपुढे होती. एक उपाय असा, की सगळ्यांचे रूळ उखडून एकाच मापाचे करा. पण कोण ऐकणार? त्यांनी १९७४ मध्ये वेगळा उपाय छापला. रूळ ज्याचे त्याचे राहू द्या. फक्त गाठोडं सगळ्यांनी एकाच पद्धतीने बांधायचं आणि पत्ता एकाच पद्धतीने लिहायचा. दोन जाळ्यांच्या सांध्यावर एक यंत्र बसवायचं, ते गाठोडं या गाडीतून त्या गाडीत टाकेल. म्हणजे एक मूर्तिजापूर स्टेशनच, फक्त हमालांशिवाय आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतलं अर्पानेट हे जाळं या पद्धतीवर आलं. भारतात थोड्याच वर्षांनी, १९८६-८७ च्या सुमाराला, मुंबईतल्या जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात ई-मेल जाऊ-येऊ लागली. जुहू ते पवई! लोकलने गेलं असतं तरी चाललं असतं, असं तेव्हा कुणी तरी म्हटलं असणारच.

आता तुम्ही म्हणाल, मधलं जाळं भोळं आहे, तर आहे. त्यात एवढं काय?

जुना टेलिफोन आठवा. म्हणजे तुम्हाला नाही आठवणार, आजीला विचारा. चांदूर बाजारहून पुण्याला बोलायचं, तर आधी एक्सचेंजला ट्रंक कॉल लावायला सांगायचं आणि तासन्‌तास वाट बघायची. सगळी अक्कल मधल्या एक्सचेंजमध्ये. घरातला काळा फोन अगदी बावळट, वाजायचं आणि ऐकायचं एवढंच त्याला माहीत. अशा जाळ्यात कुणाला नवी कल्पना सुचली, तर तिचा उपयोग काय? आधी टेलिफोन खात्याला पटवा, मग खातं एक्सचेंज बदलणार. तोवर कल्पना सुचलेला पोरगा आजोबा झालेला.

इंटरनेटने हे उलटं केलं. मधलं जाळं बावळट, टोकं हुशार. त्यामुळे नवं काही करायचं, तर आपापल्या टोकाला करायचं. मधल्याला विचारायचंच नाही! टिम बर्नर्स-ली याने १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली, तेव्हा तो स्वित्झर्लंडमध्ये सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. त्याला कुठल्या टेलिफोन कंपनीची परवानगी मागावी लागली नाही. जाळ्याच्या दृष्टीने त्याची पानं म्हणजे आणखी थोडी पाकिटं. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेब सगळ्या जगाला फुकट देऊन टाकलं.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र वेगळं आहे, आणि ते ‘वऱ्हाड’ या शब्दात आहे. हा शब्द लिहून बघा. त्यात तो ‘ऱ्’ आहे ना, विळ्यासारखा बाकदार, तो संगणकाला शिकवायला वेगळी सोय करावी लागली. संगणकाला अक्षरं कळत नाहीत, फक्त आकडे कळतात. जगातल्या सगळ्या लिपींना आकडे देणारी यादी आहे, तिचं नाव युनिकोड. आणि ते आकडे पाकिटात कसे भरायचे, याची आज सगळीकडे चालणारी पद्धत आहे यूटीएफ-८. ती केन थॉम्पसन याने १९९२ च्या सप्टेंबरात, रॉब पाइक समोर बसलेला असताना, न्यू जर्सीच्या एका खाणावळीत, ताटाखाली अंथरायच्या कागदावर मांडली! या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. ‘वऱ्हाड’ मध्ये व, ऱ, पाय मोडल्याची खूण, ह, काना, ड अशा सहा खुणा. सहा त्रिक अठरा. ‘पुणे’ बारा बाइटचं. हे कळल्यावर बारक्याला काय आनंद झाला!

“म्हंजे आपून पुण्याच्या सहानं समोर हाओ!”

भाचीने तोंड फिरवलं. पण मुद्दा असा, की ही पद्धत निघाल्या दिवसापासून आजपर्यंत वाटेतल्या एकाही राउटरला मराठी शिकावी लागलेली नाही. तो अठरा बाइटची फोड घेतो आणि पुढे देतो. आत वऱ्हाड आहे की पुणे, त्याला काय करायचंय? तसंच २७ ऑगस्ट २०१४ ला ‘.भारत’ हे देवनागरी नाव सुरू झालं, तेव्हाही झालं. इंटरनेटच्या नावांच्या वहीत रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालायचं. मग वही बदलायच्या ऐवजी, आपला ब्राउझर ‘भारत’ चं रोमन अक्षरा-आकड्यांच्या सांकेतिक शब्दात रूपांतर करतो आणि वहीत तो शब्द शोधतो. काम पुन्हा टोकालाच.

आमचा तिसरा डाव चालू होता. एकाएकी तुकडे अडले. बारक्या आपल्या झाडाखाली बसून तुकडे उलटसुलट करून बघत होता.

“काऊन बे, थांबला काऊन?”

“ह्या तुकड्यावर संत्री हायेत,” तो म्हणाला, “संत्रीवाला तुकडा न्याचा त मले दोन फोडी द्या. पानंवाले तुकडे फुकट नेतो.”

भांडण जुंपलं. आणि खरं सांगू, मला हेच हवं होतं.

कारण असंच भांडण आपल्या देशात झालंय, तेही मोठ्या माणसांचं. तुमची पाकिटं वाहून नेणाऱ्या कंपन्यांना दिसलं, की लोक पैसे देऊन फोन करण्याऐवजी इंटरनेटवरून फुकट बोलतायत. त्यांचं नुकसान व्हायला लागलं. त्यांच्या मनात आलं, आवाजाच्या पाकिटांना जादा दर लावावा. याच्याही आधी आपल्याकडे इंटरनेटवरून फोन करायला कायद्यानेच मनाई होती. १ एप्रिल २००२ पासून ती मर्यादित स्वरूपात उठली. जाळं आवाजाची फोड आणि चित्राची फोड सारखीच वाहतं, पण सरकारच्या कायद्यांत मात्र फोन वेगळा आणि पत्र वेगळं. यंत्र एक म्हणतं, नियम दुसरं, आणि मग खडाजंगी.

२७ मार्च २०१५ रोजी ट्राय, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, लोकांची मतं मागवली. महिन्याभरात दहा लाखांहून जास्त ई-मेल गेल्या! वाटेतल्याने पाकिटांत भेदभाव करू नये, असं लिहिणाऱ्यांची त्यात प्रचंड गर्दी होती.

त्याच सुमाराला फेसबुकची एक योजना आली. मोजक्या वेबसाइट फुकट, बाकी इंटरनेटला पैसे. बारक्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, “फुकट हाय त बरंच हाय ना, मामा!” त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला थोडं तरी मिळेल, असं तेव्हा बऱ्याच शहाण्या लोकांनाही वाटत होतं.

मी त्याला बहिरमची यात्रा आठवायला सांगितली. आमच्याच तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, डिसेंबरअखेरीला ती सुरू होते. रोडग्यांचा आणि हंडीतल्या मटणाचा वास मैलभर येतो. समजा, एका मोठ्या दुकानदाराने जाहीर केलं, की माझ्या दुकानापर्यंत एसटी फुकट. बाकी कुठल्याही दुकानात जायचं तर तिकीट काढा. तू कुठे जाशील?

“फुकटवाल्या दुकानात.”

आणि एखादी आजी यंदा पहिल्यांदाच रोडग्यांचं दुकान लावून बसली असेल, तिचे रोडगे सगळ्यांत चांगले असतील, पण तिच्याकडे एसटीवाल्याला द्यायला पैसे नसतील, तर?

बारक्या गप्प झाला. रोडगे हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम केला: आत काय आहे ते बघून इंटरनेटचे वेगवेगळे दर लावायचे नाहीत. मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये दंड. २०१८ च्या जुलैत सरकारने हे तत्त्व आणखी व्यापक करून मान्य केलं. पैशातच नव्हे, वेगातही भेदभाव नको. मात्र दूरवरून शस्त्रक्रिया करणं किंवा आपोआप चालणारी गाडी अशा खास गोष्टींसाठी सोय वेगळी ठेवता येईल, अशी वाटही मोकळी ठेवली. अॅम्ब्युलन्सला आपण रस्ता देतोच की. मला हा निकाल पटतो. बारक्याला अजून पुरता पटलेला नाही, आणि तसं म्हणायचा त्याला हक्क आहे.

पण या भोळ्या जाळ्याचे गुण सांगितले, तर दोषही सांगायला हवेत. पाकिटात काय आहे हे जसं वाटेतला विचारत नाही, तसंच पाकीट खरंच त्याच माणसाने पाठवलंय का, हेही विचारत नाही. म्हणून तर खोट्या नावाने ई-मेल येतात आणि भोळी माणसं पैसे घालवून बसतात. वाट भोळी, तर टोकाने हुशार राहायला हवं. आमच्या आजीसारखं. ती अनोळखी फोनला आधी गावाचं नाव विचारते, मग आडनाव, मग कुणाचा जावई ते.

आणि दुसरी गोष्ट. या जाळ्याला मधे कुणी मालक नाही, एकच मोठं बटण नाही. मग २०२१ च्या नोव्हेंबरात अमरावतीत दंगल झाली, तेव्हा शहरात काही दिवस इंटरनेट बंद कसं झालं? विहिरीतून पाणी कितीही वाटांनी येवो, घरात शिरायची तोटी एकच असते. मोबाइलपर्यंतचा शेवटचा टप्पा मोजक्या कंपन्यांच्या हातात आहे, आणि सरकारचा आदेश तिथे पोचतो. अफवा पसरू नयेत म्हणून तोटी बंद करतात, हे खरं. पण त्याच तोटीतून औषधाची चिठ्ठी, परीक्षेचा निकाल आणि भाजीवाल्याचे पैसेही येतात, हेही खरं. म्हणून अशी तोटी कुणी आणि कशी बंद करायची, याचे नियम २०१७ मध्ये झाले. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की असे आदेश लोकांना कळतील असे जाहीर करायचे, आणि बेमुदत बंदी चालणार नाही.

आमच्या बगीच्यातही शेवटी पंचायत बसली. भाची सरपंच. ठरलं असं: तुकडा उलटून बघायचा नाही, बघितला तर राउटरगिरी बंद, आणि फोडी सगळ्या राउटरांना खेळ संपल्यावर सारख्या. बारक्याने मान्य केलं. त्याच्या फोडी बुडत नव्हत्या, फक्त उशिरा मिळणार होत्या.

संध्याकाळी भाचीने पूर्ण जुळलेल्या चित्राचा फोटो काढून पुण्याला आईला पाठवला. सगळी पोरं मोबाइलवर वाकून बघत बसली. फोटोखाली आधी एक खूण आली. मग बराच वेळ काहीच नाही. आमच्या बगीच्यात रेंज जरा आळशीच आहे. मग टपकन दुसरी खूण उमटली.

“पाच नंबरबी पोचला वाट्टे,” बारक्या म्हणाला.